गुरुवारी वीज गेली, शुक्रवारी फोन हरवले: एका व्हॉइस व्हीलॅनची उलटतपासणी

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला आलेली पहिली तक्रार फोनची नव्हतीच. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कार्यालयाचं नेटवर्क आम्ही वार्षिक करारावर सांभाळतो. तिथल्या हिशेब विभागातल्या मॅडम मोबाइलवरून बोलत होत्या: "नेट नाही, टॅली सर्व्हरला लागत नाही, आणि आज पगाराची फाइल बँकेत गेली नाही तर लोक माझ्याच टेबलाशी येणार." दहा मिनिटांनी प्रशासनातल्या काकांचा फोन आला. "अहो, दुसऱ्या मजल्यावरचे फोनपण गेलेत. काल लाइट नव्हती ना दिवसभर, स्विच उडाला बहुतेक. येताना एक घेऊनच या."

गुरुवार म्हणजे तिकडे साप्ताहिक सुट्टी आणि महावितरणच्या देखभालीचा वार. सुट्टीच्या दिवशी जनरेटर कोण लावतो? सकाळी वीज गेली, रॅकमधले यूपीएस तास-दीड तासात आटले, संध्याकाळी वीज आली आणि रिकाम्या इमारतीत सगळे स्विच आणि सगळे फोन एकदमच उठले. हे दर दोन-चार गुरुवारी होतंच. फोन मात्र आजवर कधी गेले नव्हते. मी स्विच न घेताच निघालो. जळलेला स्विच एकाच वेळी दुसऱ्या मजल्यावरचे फोन आणि पहिल्या मजल्यावरचं नेट घालवत नाही.

मांडणी आधी सांगतो. तीन मजले, ६२ आयपी फोन: तळमजल्यावर १४, पहिल्यावर २१, दुसऱ्यावर २७. प्रत्येक मजल्यावर एक मॅनेज्ड पीओई स्विच (पीओई म्हणजे फोनला वीजही नेटवर्कच्या केबलमधूनच), तळमजल्याच्या सर्व्हर रूममध्ये मुख्य लेयर-थ्री स्विच, फायरवॉल आणि पीबीएक्स, म्हणजे कार्यालयाचं टेलिफोन एक्स्चेंज. व्हीलॅन म्हणजे त्याच तारांवर आखलेल्या वेगळ्या गल्ल्या. संगणकांचा व्हीलॅन १०, पत्ते १९२.१६८.१० चे. फोनचा व्हीलॅन २०, पत्ते १९२.१६८.२० चे, आणि ते वाटायचं काम पीबीएक्सच करतो. एका टेबलाला भिंतीतून एकच केबल येते. ती फोनमध्ये जाते आणि फोनच्या मागच्या दुसऱ्या भोकातून संगणकाला. म्हणून स्विचच्या एकाच पोर्टवर दोन्ही व्हीलॅन चालतात: संगणकाची पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, बिनटॅगची, ती १० मध्ये पडतात, फोनच्या पाकिटांवर २० क्रमांकाचा टॅग. हा टॅग चार बाइटांचा असतो, त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकाला आणि तीन बिट प्राधान्याला. स्विच टॅग वाचतो आणि पाकीट त्या गल्लीत सोडतो. मात्र आपल्या पाकिटावर टॅग लावायचं काम फोनचं असतं, आणि त्यासाठी २० हा आकडा आधी फोनला ठाऊक असावा लागतो.

तिथे पोहोचल्यावर आधी हिशेब विभागात गेलो, पगार म्हणजे पगार. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. म्हणजे डीएचसीपीने, पत्ते वाटणाऱ्या सेवेने, पत्ता दिला नाही आणि विंडोजने स्वतःच काहीतरी लावून घेतला. सगळ्यांचं असं नव्हतं. नऊच्या आधी आलेल्यांचं नेट चालू, सव्वानऊनंतर आलेल्यांचं बंद. संगणकांना पत्ते वाटणाऱ्या फायरवॉलमध्ये पत्त्यांचा पट्टा पाहिला: .१०० ते .१८०, एकूण ८१ पत्ते, सगळे वाटून झालेले. संगणक आणि प्रिंटर मिळून इथे पासष्टच्या आसपास आहेत. मग ८१ संपले कसे? वाटलेल्या पत्त्यांची यादी उघडली तर २३ पत्त्यांसमोरच्या मॅक पत्त्याची, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या हार्डवेअर क्रमांकाची, सुरुवात एकच होती, आणि ती मला पाठ आहे. ते फोन होते.

फोन काल संध्याकाळीच उठले होते. त्यांना कोणी बटण दाबावं लागत नाही. संगणकांच्या पत्त्यांची मुदत एका दिवसाची. बुधवारी बंद केलेल्या संगणकांचे पत्ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत सुटले होते. फोनांनी रात्रीच येऊन पंगतीत पाट पकडले आणि उशिरा आलेले हिशेबनीस उभे राहिले. पट्टा .५० ते .२२० केला, मॅडमच्या संगणकाची केबल काढून लावली, टॅली उघडली. "झालं?" त्यांनी विचारलं. त्यांचं झालं होतं.

फोनचं आता कुठे सुरू होत होतं. विक्री विभागातल्या एका फोनच्या मेनूत जाऊन नेटवर्कचं पान उघडलं. पत्ता १९२.१६८.१०.१३४. व्हीलॅन: बंद. पडद्यावर "नोंदणी अयशस्वी" अशा अर्थाचा संदेश. फोन संगणकांच्या गल्लीत उभा, आणि त्या गल्लीतून पीबीएक्सकडे जाणारी वाट मुख्य स्विचवर मुद्दाम बंद केलेली. ती बंद का, हे काकांना दर वर्षी समजवावं लागतं. याही वेळी त्यांनी सुचवलंच, "सगळं एकाच नेटवर्कमध्ये टाका ना, कटकट मिटेल." एखाद्या संगणकात काही शिरलं तर त्याला पीबीएक्सच्या दारापर्यंत मोकळं रान मिळतं आणि बिलं परदेशी कॉलची येतात, एवढं सांगितलं की ते गप्प होतात. पुढच्या वर्षी परत विचारतात.

काही दुरुस्त करण्याआधी मी मजले फिरून मोजणी केली. या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडलेलं काम हेच. दुसऱ्या मजल्यावरच्या २७ पैकी २२ फोन मेलेले, पाच जिवंत. पहिला मजला सगळा जिवंत. तळमजल्यावर १४ पैकी १३ जिवंत, डिस्पॅचच्या कोपऱ्यातला एकच मेलेला. २२ आणि एक, तेवीस. डीएचसीपीच्या यादीशी हिशेब जुळला.

आता या आकड्यांत तीन कोडी होती. दुसरा मजलाच का? त्यातले पाच का वाचले? आणि तळमजल्यावर बाकी सगळं ठीक असताना डिस्पॅचच्या एकट्या फोनचं काय? कुठलंही कारण सापडलं तर त्याने तिन्हींचं उत्तर द्यायला हवं होतं. दोनाचं देऊन तिसऱ्याला योगायोग म्हणणारं कारण मी घेत नाही, कारण असे योगायोग पुढच्या महिन्यात रात्री अकराला फोन करतात.

माझा पहिला संशय मात्र नेहमीचाच होता: स्विचमध्ये कोणीतरी बदल केले, जतन केले नाहीत, वीज गेल्यावर ते पुसले गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या स्विचमध्ये शिरलो. चालू मांडणी आणि जतन केलेली मांडणी, दोन्ही सारख्या. व्हीलॅन २० आहे. सगळे पोर्ट १० मध्ये बिनटॅगचे, २० मध्ये टॅगचे. वरची जोडणीही २० घेऊन जाते. तसं ते दिसतच होतं, नाहीतर पाच फोन चालले नसते.

माझ्याबरोबरच्या पोराला स्विचच्या मेनूत "व्हॉइस व्हीलॅन" नावाचं पान सापडलं, आणि ते बंद होतं. "दादा, हेच. चालू करू?" त्याचा हात जवळजवळ बटणावरच होता. थांबवलं, आणि अर्धा तास गेला तो तिथेच, कारण त्याला नाही म्हणायला मला नीट कारण द्यावं लागलं. त्या पानाची पद्धत अशी: फोनच्या मॅक पत्त्याचे पहिले २४ बिट, म्हणजे उत्पादकाची ओळख, स्विच एका यादीशी ताडून पाहतो आणि जुळलं की तो पोर्ट व्हॉइस व्हीलॅनचा सभासद करतो, त्या पाकिटांना प्राधान्य देतो. आमचे पोर्ट आधीच सभासद होते. फोनला "तू २० लाव" असं सांगणारं त्या पानावर काहीच नव्हतं. शिवाय ती यादी पाहण्यासारखी होती: सीमेन्स, पॉलिकॉम, थ्रीकॉम. थ्रीकॉम २०१० साली एचपीने विकत घेतली, तरी ती अजून अशा याद्यांत नांदते आहे, आणि आमच्या फोनचा तिथे पत्ता नाही. ही पद्धत मला मुळात आवडत नाही. कंपनी नवा लॉट नव्या मॅक मालिकेत काढते आणि तुमचे नवे फोन परके ठरतात.

पोराला बरं वाटावं म्हणून नव्हे, पण विक्रीवाल्यांना ऑर्डरचे कॉल घ्यायचे होते म्हणून त्यांच्या दोन फोनमध्ये मेनूतून व्हीलॅन २० हाताने टाकला. फोन पुन्हा सुरू झाले, पाऊण मिनिटात डायलटोन. यातून एक गोष्ट पक्की झाली. रस्ता उघडा आहे, पोर्ट बरोबर आहे, पीबीएक्स पत्ता देतोय. फक्त फोनला कुठल्या गल्लीत जायचं ते कोणी सांगत नाहीये.

तेव्हा प्रश्न बदलला. आम्ही मघापासून पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये आहे ते तपासत होतो. विचारायला हवं होतं ते हे, की बुधवारपर्यंत या बावीस फोनना २० हा आकडा कोण सांगत होतं?

फोनला व्हीलॅन कळायच्या वाटा मोजक्या आहेत. एक, कोणीतरी मेनूत टाकला. दोन, स्विचने सांगितला: एलएलडीपी नावाच्या ओळखपाळखीच्या भाषेत, आणि त्यातही फोनसारख्या उपकरणांसाठी टीआयए-१०५७ या २००६ च्या प्रमाणाने जोडलेल्या एलएलडीपी-मेड या भागातून. सिस्कोच्या जगात हेच काम सीडीपी करतो. तीन, डीएचसीपीने सांगितला: फोन आधी बिनटॅगचा जातो, संगणकांच्या गल्लीत पत्ता मागतो, उत्तरात १३२ क्रमांकाचा पर्याय आला तर त्यातला आकडा उचलतो, घेतलेला पत्ता सोडून देतो आणि टॅग लावून नव्या गल्लीत पुन्हा मागतो. आमच्या फोनचा क्रमही असाच आहे: मेनूत असेल तर तो, नाहीतर स्विचचं ऐकायला काही सेकंद थांबायचं, नाहीतर डीएचसीपी.

मी शपथेवर सांगितलं असतं की या इमारतीत दुसरी वाट चालते. मांडणीच्या कागदावरही तसंच लिहिलेलं होतं, आणि तो कागद मीच लिहिलेला.

तारेवर पाहिल्याशिवाय आता पुढे जाण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या स्विचवर एका मेलेल्या फोनचा पोर्ट रिकाम्या पोर्टवर मिरर केला, म्हणजे त्याच्या पाकिटांची नक्कल तिकडे वळवली, आणि माझा जुना लिनक्स लॅपटॉप लावून वायरशार्क हे पाकिटं वाचायचं सॉफ्टवेअर उघडलं. लिनक्सचा मुद्दाम. विंडोजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये नेटवर्क कार्ड टॅग सोलून पाकीट वर देतं, मग टॅगवाली पाकिटं बिनटॅगची दिसतात आणि माणूस भलतंच निदान करतो. मी एकदा केलंय.

त्या पोर्टची पीओई बंद करून चालू केली. फोन उठला. सेकंदा-सेकंदाच्या अंतराने त्याने एलएलडीपीची पाकिटं टाकली: मी अमुक मॉडेल, मी मेड जातीचा, मला इतकी वीज लागते, माझ्या आवाजासाठी धोरण काय? समोरून उत्तर नाही. स्विच अवाक्षर बोलला नाही. मग फोनने बिनटॅगचं डीएचसीपी पाकीट सोडलं. ते पाकीट मी उघडून पोराला दाखवलं. पर्याय ५५ म्हणजे "मला या या गोष्टी कळवा" अशी मागणीची यादी, आणि त्या यादीत गेटवे, डीएनएस, वेळेचा सर्व्हर यांच्या ओळीत शेवटी १३२. फोन स्पष्ट विचारतोय, माझा व्हीलॅन कोणता? खालच्या पाकिटात फायरवॉलचं उत्तर: पत्ता दिला, गेटवे दिला, डीएनएस दिला, १३२ नाही. फोनने पत्ता घेतला आणि तिथेच बसला.

"फायरवॉल १३२ देत नाही," पोरगा म्हणाला. "पण दादा, फायरवॉल तर रविवारीच बसवला. सोमवार, मंगळवार, बुधवार फोन चालू होते."

फायरवॉलवाल्यांनीही फोनवर अगदी हेच सांगितलं. रविवारी आम्ही काम केलं, सोमवारी तुम्ही सही दिली, तीन दिवस सगळं चाललं, शुक्रवारच्या बिघाडाशी आमचा काय संबंध? वरवर पाहता बिनतोड. पण फोन पत्त्याची मुदत वाढवतो ती व्हीलॅन २० मध्येच, पीबीएक्सकडे. एकदा २० मध्ये गेलेला फोन बंद होऊन पुन्हा उठेपर्यंत १० च्या गल्लीत पाऊलही टाकत नाही. त्यामुळे १० मध्ये रविवारी कोणी काय काढून नेलं याचा त्याला पत्ता लागायचं काही कारणच नाही. गुरुवारी वीज गेली, फोन नव्याने उठले, आणि त्यांनी आठवडाभरात पहिल्यांदा विचारलं. बिघाड रविवारचा, उघडा पडला गुरुवारी.

रविवारपर्यंत १० चे पत्ते एक जुना विंडोज सर्व्हर वाटायचा. तो आता सर्व्हर रूमच्या कोपऱ्यात, वर खोक्यांची चळत. काकांनी भंगारात दिला नव्हता हे नशीब. नेटवर्कची केबल न लावता चालू केला, कारण लावली असती तर एका गल्लीत दोन वाटप करणारे झाले असते आणि तो तमाशा वेगळा निस्तरावा लागला असता. डीएचसीपीची खिडकी उघडली, पट्ट्याचे पर्याय पाहिले: ००३, ००६, ०४२, ०६६, आणि शेवटची ओळ १३२, मूल्य २०. पीबीएक्स बसवणाऱ्याने कधीकाळी घातलेली एक ओळ. आमच्याकडे करार यायच्या आधीची. फायरवॉलवाल्यांनी हलवताना ती पाहिली असती तरी सोडली असती असं मला वाटतं, कारण त्यांच्या मेनूत त्या नावाचा पर्यायच नाही. १३२ हा तसा पक्क्या प्रमाणात बसलेला क्रमांक नव्हे; १२८ ते १३५ हे क्रमांक नेटवर्कवरून संगणक सुरू करणारं पीएक्सईसुद्धा वापरतं. फोनवाल्या कंपन्यांनी तो रूढीने उचलला. नव्या उपकरणात तो "स्वतःचा पर्याय" म्हणून हाताने घालावा लागतो.

आणि आता माझा भाग. दुसऱ्या मजल्यावरचा मूळ स्विच गेल्या वर्षी खरोखरच जळला होता. त्या जागी दुसऱ्या बनावटीचा मीच बसवला. व्हीलॅन उतरवून घेतले, पोर्ट लावले, फोन एकेक करत लागले, चहा घेतला, घरी गेलो. या बनावटीत एलएलडीपी मुळातूनच बंद येतो आणि मी तो चालू केलाच नव्हता. फोन लागले कारण मागून १३२ त्यांना सांभाळत होता. मला वाटलं स्विच सांगतोय, म्हणून कागदावरही तेच लिहिलं. एक वर्ष मी चुकीच्या कारणाने बरोबर होतो.

तिन्ही कोडी इथे सुटली. तळमजला आणि पहिला मजला जुन्या स्विचवर, तिथे एलएलडीपी चालू, त्यांना १३२ गेल्याचं कळलंही नाही. दुसरा मजला निव्वळ १३२ वर जगत होता. वाचलेले पाच फोन म्हणजे एमडी साहेबांची केबिन, त्यांच्या सचिवांचं टेबल, कॉन्फरन्स रूम आणि खरेदी विभागातले दोन. हे नंतर आलेले, आणि घाईत मेनूतून २० टाकून बसवलेले. बसवणारा पुन्हा मीच. राहता राहिला डिस्पॅचचा. तळमजल्याच्या स्विचवर एलएलडीपी शेजाऱ्यांची यादी काढली तर त्या पोर्टवर कोणी शेजारीच नाही. खाली वाकून पाहिलं: टेबलाखाली, धुळीने पांढरा झालेला पाच पोर्टचा साधा स्विच. त्यात दोन संगणक, लेबल प्रिंटर आणि अडॅप्टरवर चालणारा फोन. एलएलडीपीची पाकिटं ज्या राखीव मल्टीकास्ट पत्त्यावर जातात ती नियम पाळणारा स्विच पुढे ढकलत नाही, स्वतःपाशीच संपवतो. काही स्वस्तातले ढकलतात, हा नव्हता. टॅगवाली पाकिटं मात्र निमूट जाऊ देतो. म्हणून हाही फोन आजवर १३२ च्या जिवावर.

दुरुस्तीला लागलो. दुसऱ्या मजल्याच्या स्विचवर एलएलडीपी चालू केला, एका फोनची पीओई खालीवर केली, आणि फोन परत १९२.१६८.१० मध्येच! पोराने माझ्याकडे पाहिलं, मी मिररकडे. स्विच आता बोलत होता, नाव, पोर्टचा क्रमांक, क्षमता सगळं सांगत होता. आवाजाचं धोरण तेवढं नव्हतं. एलएलडीपी चालू करणं वेगळं आणि मेडचं नेटवर्क धोरण लिहिणं वेगळं, आणि लिहिल्यावर ते पोर्टांना जोडणं तिसरंच. या बनावटीत तीन वेगळ्या पानांवर. धोरण लिहिलं: आवाज, व्हीलॅन २०, टॅगसह, प्राधान्य ५, डीएससीपी (पाकिटावरचा प्राधान्याचा दुसरा शिक्का) ४६. सगळ्या पोर्टांना जोडलं. पुन्हा खालीवर. या खेपेला फोनने स्वतःची ओळख दिल्याबरोबर स्विचने सेकंदा-सेकंदाने उत्तरं टाकली. स्विच मेडची माहिती आपणहून ओतत बसत नाही, समोर मेडवाला दिसला की मगच देतो, आणि तेव्हा नेहमीच्या तीस सेकंदांची वाट न पाहता भराभर देतो. ही घाई नसती तर काही सेकंद थांबणारा फोन केव्हाच डीएचसीपीकडे निघून गेला असता. पुढचं डीएचसीपीचं पाकीट टॅग २० लावून गेलं. पत्ता १९२.१६८.२०.७१. पडद्यावर विस्तार क्रमांक उमटला.

बाकीचे फोन जेवणाच्या सुट्टीत पाच-पाच करून खालीवर केले. एकदम केले नाहीत, कारण फोनच्या पोटातून संगणक जातो आणि फोन बंद झाला की त्यामागचा संगणकही तुटतो. हे विसरून मी पूर्वी एकदा शिव्या खाल्ल्यात.

डिस्पॅचसाठी खरा इलाज एकच, भिंतीतून स्वतंत्र केबल. तोवर १३२ परत हवा होता. फायरवॉलमध्ये स्वतःचा पर्याय घातला, क्रमांक १३२, प्रकार "संख्या", मूल्य २०. डिस्पॅचचा फोन बंद-चालू केला. काही नाही. मिररवर पाकीट उघडलं तर पर्याय आला होता, पण असा: ८४ ०१ १४. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या मोजणीत, ८४ म्हणजे १३२, ०१ म्हणजे लांबी एक बाइट, आणि १४ म्हणजे वीस. बरोबर तर आहे! पण हे फोन तिथे संख्या शोधत नाहीत, अक्षरं शोधतात: "२" हे अक्षर आणि "०" हे अक्षर. प्रकार बदलून "मजकूर" केला. आता पाकिटात ८४ ०२ ३२ ३०. लांबी दोन, ३२ म्हणजे दोनचा आकडा अक्षररूपात, ३० म्हणजे शून्य. फोन लागला. जुन्या सर्व्हरवर हे कुणीतरी बरोबर घातलं होतं, म्हणजे त्या अनोळखी माणसालाही एकदा हीच ठेच लागली असणार.

पोराचं म्हणणं, आता दोन्ही वाटा चालू आहेत तर राहू द्या, एक गेली तर दुसरी आहे. मीही तेच ठरवलं, पण मनात खुटखुट होतीच. ही दुसरी वाटच वर्षभर पहिलीचं नसणं झाकत होती. म्हणून रविवारी इमारत रिकामी असताना चाचणी घेतली ती १३२ बंद ठेवून. आधी दुसऱ्या मजल्यावरच्या हाताने भरलेल्या सातही फोनमधून, म्हणजे जुने पाच आणि शुक्रवारचे विक्रीचे दोन, मेनूतला २० पुसला. मग स्विचची वीज काढली, दहा मिनिटांनी दिली. उठायला त्याने जवळपास तीन मिनिटं घेतली, फोन त्यामागून. शेजाऱ्यांच्या यादीत २६. सत्ताविसावा कॉन्फरन्स रूमचा, तो १० मध्ये जाऊन बसलेला. हा फोन कंपनीच्या बंद झालेल्या शाखेतून आणलेला, त्याच्या वेब पानावर एलएलडीपी कोणीतरी बंद करून ठेवलेला. १३२ चालू असता तर तो गुपचूप लागला असता आणि मी पुन्हा चहा घेऊन घरी गेलो असतो. चालू केला, लागला. मग १३२ परत घातला.

कागद नव्याने लिहिला. आता त्यात प्रत्येक मजल्यासमोर फोनला व्हीलॅन कोण सांगतं ते लिहिलंय, आणि फायरवॉलच्या पानासमोर लाल शाईत १३२, प्रकार मजकूर. एक प्रत रॅकच्या दाराला आतून चिकटवली. फायरवॉलवाल्यांना मेलने पाठवली, त्यांचं उत्तर "नोंद घेतली" असं आलं. माझीही चूक त्यात होती, त्यामुळे मी ताणलं नाही.

पुढच्या गुरुवारी वीज पुन्हा गेली, साडेनऊ ते पाच. शुक्रवारी मी साडेआठलाच जाऊन पीबीएक्सची नोंदणी यादी उघडली. ६१. पोरगा दुसऱ्या मजल्यावर धावला, तिकडे २७ च्या २७. पहिल्यावर २१. म्हणजे तळमजला, आणि तळमजल्यावर डिस्पॅच. केबलचं कोटेशन अजून मंजुरीत पडलेलं. लॅपटॉप घेऊन खाली गेलो, मिरर लावायच्या तयारीत टेबलाखाली वाकलो. फोनचा अडॅप्टर काढून कोणीतरी त्या जागी मोबाइल चार्जिंगला लावला होता.